लाभांश पुनर्गुंतवणूक

लाभांश पुनर्गुंतवणूक म्हणजे कंपनीने भागधारकाला दिलेला लाभांश खर्च न करता त्यातून त्याच कंपनीचे आणखी समभाग, किंवा त्याच योजनेची आणखी युनिटे, विकत घेणे होय. नव्याने घेतलेल्या समभागांवर पुढील वर्षी पुन्हा लाभांश मिळतो आणि त्यातून पुन्हा समभाग घेतले जातात. मूळ रकमेत गुंतवणूकदाराने स्वतःच्या खिशातून भर न घालताही समभागांची संख्या अशा रीतीने वाढत राहते. व्याजावर व्याज मिळण्याच्या चक्रवाढ तत्त्वाचेच हे भागबाजारातील रूप आहे.

दीर्घकालीन संपत्तिनिर्मितीचा मार्ग म्हणून या पद्धतीचा पुरस्कार केला जातो. मात्र चक्रवाढ व्याजात मुद्दल आणि व्याजदर आधी ठरलेले असतात. लाभांश पुनर्गुंतवणुकीत दोन्ही अनिश्चित असतात. तिचे फळ मुख्यतः चार गोष्टींवर अवलंबून असते. लाभांश खऱ्याखुऱ्या नफ्यातून दिलेला आहे का, पुन्हा खरेदी कोणत्या भावाने झाली, करापोटी किती रक्कम गेली आणि सगळी गुंतवणूक एकाच ठिकाणी साचली का, या त्या चार गोष्टी होत.

== संज्ञा ==

लाभांश : कंपनीच्या करोत्तर नफ्यातील जो भाग भागधारकांना वाटला जातो तो. वर्षअखेरचा लाभांश संचालक मंडळ सुचवते आणि भागधारकांची वार्षिक सर्वसाधारण सभा मंजूर करते. सभेला तो कमी करता येतो, वाढवता येत नाही. वर्षाच्या मध्येच संचालक मंडळ जो लाभांश जाहीर करते त्याला अंतरिम लाभांश म्हणतात.

दर्शनी मूल्य : समभागावर नोंदलेली मूळ किंमत. लाभांशाची टक्केवारी या मूल्यावर सांगितली जाते. दहा रुपये दर्शनी मूल्याच्या समभागावर २०० टक्के लाभांश म्हणजे प्रत्येक समभागामागे वीस रुपये.

लाभांश उतारा : वर्षभरातील लाभांशाचे समभागाच्या बाजारभावाशी असलेले प्रमाण. वरील समभागाचा बाजारभाव एक हजार रुपये असल्यास उतारा केवळ २ टक्के ठरतो. नवख्या गुंतवणूकदाराची सर्वांत मोठी गफलत येथेच होते. २०० टक्के हा आकडा डोळ्यांत भरतो, परंतु गुंतवलेल्या पैशावरील उत्पन्न २ टक्केच असते.

नोंद तारीख : ज्या दिवशी कंपनीच्या नोंदवहीत किंवा डिमॅट खात्यात समभाग असलेल्यांना लाभांश मिळतो तो दिवस.

== कार्यपद्धती ==

लाभांश ही बाहेरून आलेली वरकमाई नसते. तो कंपनीच्याच तिजोरीतून जातो, म्हणून लाभांश दिल्यानंतर कंपनीचे मूल्य तेवढ्याने घटते. बाजारातही साधारणपणे लाभांशाचा हक्क संपल्याच्या दिवशी समभागाचा भाव लाभांशाच्या आसपास उतरून उघडतो. प्रत्यक्षात त्या दिवसाच्या इतर घडामोडींमुळे ही घट कमीअधिक दिसते.

समजा, एका व्यक्तीकडे १०४ रुपये भावाचे १,००० समभाग आहेत. त्यांचे एकूण मूल्य १,०४,००० रुपये होते. कंपनीने समभागामागे ४ रुपये लाभांश दिला. भाव १०० रुपयांवर आला. आता त्या व्यक्तीकडे १,००,००० रुपयांचे समभाग आणि ४,००० रुपये रोख आहेत. बेरीज पूर्वीइतकीच आहे. ती रोख रक्कम घरखर्चात गेली, तर गुंतवणूक ४,००० रुपयांनी कमी झाली. त्याच रकमेतून १०० रुपये भावाने ४० समभाग घेतले, तर समभाग १,०४० झाले आणि गुंतवणुकीचे मूल्य पुन्हा १,०४,००० रुपयांवर आले.

या उदाहरणावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लाभांश पुनर्गुंतवणुकीने त्या दिवशी कोणतीही संपत्ती निर्माण होत नाही. केवळ बाहेर पडलेले भांडवल पुन्हा कामाला लावले जाते. संपत्ती निर्माण होते ती पुढील वर्षांत, कंपनी नफा मिळवत राहिली तर.

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत अनेक कंपन्या किंवा त्यांच्या समभाग नोंदणी संस्था स्वतःच अशा योजना चालवतात. भागधारकाने एकदा संमती दिली की लाभांश खात्यात न येता परस्पर समभागांत रूपांतरित होतो आणि काही योजनांत समभागाचा अपूर्णांकही खात्यात जमा होतो. भारतीय शेअर बाजारात समभागाचा अपूर्णांक विकत घेता येत नाही. दहा समभाग असलेल्या लहान भागधारकाला वरील उदाहरणात ४० रुपये मिळतील आणि त्यातून १०० रुपयांचा एकही समभाग येणार नाही. अशा गुंतवणूकदाराला अनेक लाभांश साठवून मगच खरेदी करावी लागते.

== चक्रवाढीचे गणित ==

पुढील कोष्टक काल्पनिक आहे. १०० रुपये भावाने १,००० समभाग, म्हणजे एक लाख रुपयांची गुंतवणूक, येथे गृहीत धरली आहे. भाव दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतो, वर्षअखेरच्या भावाच्या ४ टक्के लाभांश मिळतो आणि त्याच भावाने पुन्हा खरेदी होते, असे मानले आहे. कर व दलाली धरलेली नाही. दुसऱ्या स्तंभात समभागांचे मूल्य आणि तोवर रोख मिळालेला सर्व लाभांश यांची बेरीज आहे. रकमा शंभराच्या पटीत पूर्ण केल्या आहेत.

| वर्षे | लाभांश रोख ठेवल्यास एकूण (रु.) | पुनर्गुंतवणूक केल्यास एकूण (रु.) | फरक (रु.) |
|---|---|---|---|
| ५ | १,५७,७०० | १,६२,८०० | ५,१०० |
| १० | २,३५,००० | २,६५,१०० | ३०,१०० |
| १५ | ३,३८,३०० | ४,३१,६०० | ९३,३०० |
| २० | ४,७६,७०० | ७,०२,७०० | २,२६,००० |

पहिल्या पाच वर्षांत फरक जेमतेम पाच हजारांचा आहे. शेवटच्या पाच वर्षांत तो सव्वा लाखाहून अधिक वाढतो. वीस वर्षांअखेर समभाग १,००० वरून सुमारे २,१९१ होतात. या पद्धतीचा लाभ उशिरा दिसतो आणि म्हणूनच मध्येच ती सोडून देणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. कोष्टकातील एकसारखी वाढ प्रत्यक्ष बाजारात कधीच आढळत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते.

भाव घसरलेला असताना तेवढ्याच लाभांशात अधिक समभाग मिळतात. मंदीनंतर कंपनी सावरली, तर हे अधिकचे समभाग पुनर्गुंतवणूकदाराच्या लाभाचे ठरतात. कंपनी सावरली नाही, तर बुडत्या गुंतवणुकीतच अधिक पैसा घातल्यासारखे होते.

== भारतातील कायदेशीर स्थिती ==

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२३ नुसार लाभांश चालू वर्षाच्या किंवा मागील वर्षांच्या अवितरित नफ्यातून, घसाऱ्याची तरतूद केल्यानंतरच देता येतो. याच कलमानुसार लाभांश रोखीतच द्यावा लागतो. धनादेश, वॉरंट किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने केलेले प्रदानही त्यात येते. नफा किंवा राखीव निधी भांडवलात रूपांतरित करून बोनस समभाग देण्याची मुभा कंपनीला आहे. पण तो लाभांश नव्हे. या तरतुदीमुळे लाभांशाऐवजी परस्पर समभाग देणाऱ्या परदेशी धर्तीच्या योजना भारतीय कंपन्यांत रूढ झाल्या नाहीत. भारतातील भागधारकाला बँक खात्यात आलेल्या लाभांशातून स्वतः, दलालामार्फत, बाजारभावाने खरेदी करावी लागते.

जाहीर झालेला लाभांश ३० दिवसांच्या आत देणे कंपनीवर बंधनकारक आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांनी आपले लाभांश वाटपाचे धोरण प्रसिद्ध करावे, असा भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाचा, म्हणजे सेबीचा, नियम आहे. नफ्यातील किती भाग वाटला जाईल आणि किती व्यवसायात राहील, याचा अंदाज गुंतवणूकदाराला या धोरणातून बांधता येतो.

=== न मागितलेला लाभांश ===

भागधारकाने न घेतलेला लाभांश कंपनीच्या स्वतंत्र खात्यात ठेवला जातो. सात वर्षे तो पडून राहिल्यास केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतो. सलग सात वर्षांचा लाभांश घेतला गेला नसेल, तर ज्या समभागांवरील तो लाभांश आहे ते समभागही या निधीकडे वर्ग केले जातात. मूळ मालकाला किंवा वारसाला ते परत मागता येतात. त्यासाठी आयईपीएफ-५ हा अर्ज भरून कंपनीमार्फत पडताळणी करावी लागते.

पत्ता बदललेला, बँक खाते बंद झालेले किंवा मूळ भागधारक निवर्तल्यावर कागदी प्रमाणपत्रे घरात तशीच पडून राहिलेली, ही याची नेहमीची कारणे आहेत. कागदी स्वरूपात समभाग असणाऱ्यांनी पॅन, बँक खाते आदी तपशील नोंदवला नसल्यास १ एप्रिल २०२४ पासून त्यांना लाभांश दिला जात नाही. तपशील पूर्ण केल्यावर तो थेट खात्यात जमा होतो. पुनर्गुंतवणुकीची पहिली अट लाभांश हाती येणे ही आहे. त्यामुळे बँक तपशील, नामनिर्देशन आणि डिमॅट खाते अद्ययावत असणे हा या विषयाचाच भाग ठरतो.

== म्युच्युअल फंडातील पुनर्गुंतवणूक ==

म्युच्युअल फंडांच्या योजनांत पूर्वी वृद्धी, लाभांश प्रदान आणि लाभांश पुनर्गुंतवणूक असे तीन पर्याय असत. फंडाने दिलेला ‘लाभांश’ हा योजनेच्या मालमत्तेतूनच निघतो आणि त्यात गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या भांडवलाचाही अंश असू शकतो, हे अनेकांना ठाऊक नव्हते. म्हणून सेबीने ऑक्टोबर २०२० मध्ये आदेश काढून १ एप्रिल २०२१ पासून या पर्यायांच्या नावातून लाभांश हा शब्द वगळला. त्याऐवजी उत्पन्न वितरण व भांडवल काढणे अशा अर्थाचे, इंग्रजी आद्याक्षरांवरून आयडीसीडब्ल्यू म्हणून ओळखले जाणारे नाव लागू झाले.

पुनर्गुंतवणूक पर्यायात वाटप केलेली रक्कम त्याच योजनेत, वाटपानंतरच्या निव्वळ मालमत्ता मूल्याने, नवी युनिटे घेण्यासाठी वापरली जाते. येथे युनिटाचा अपूर्णांकही मिळतो. वृद्धी पर्यायात मात्र कोणतेही वाटप होत नाही. योजनेला कंपन्यांकडून मिळालेला लाभांश योजनेतच राहतो व युनिटाचे मूल्य वाढते. परिणामाच्या दृष्टीने वृद्धी पर्याय हीच अंतर्गत, आपोआप होणारी पुनर्गुंतवणूक आहे. दोन्ही पर्यायांतला मुख्य भेद करआकारणीचा आहे.

== करआकारणी ==

भारतात १ जून १९९७ पासून लाभांश वाटप कर कंपनीकडून वसूल केला जाई आणि भागधारकाच्या हाती पडणारा लाभांश सर्वसाधारणपणे करमुक्त असे. मधला अल्प काळ वगळता ही व्यवस्था ३१ मार्च २०२० पर्यंत टिकली. १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या इतर उत्पन्नात मिळवला जातो आणि त्याच्या कर टप्प्यानुसार त्यावर प्राप्तिकर लागतो. एका कंपनीकडून वर्षभरात निवासी व्यक्तीला मिळणारा लाभांश ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास कंपनी १० टक्के उद्गम करकपात करते. ही मर्यादा पूर्वी ५,००० रुपये होती. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून ती १०,००० रुपये झाली. एकूण उत्पन्न करपात्र नसलेल्यांना स्वयंघोषणापत्र देऊन ही कपात टाळता येते.

लाभांश पुन्हा गुंतवला म्हणून कर माफ होत नाही. रक्कम हातात न येता परस्पर युनिटांत गेली तरीही ती त्या वर्षाचे उत्पन्न मानली जाते. त्यामुळे पुनर्गुंतवणुकीसाठी पूर्ण लाभांश नव्हे, तर कर वजा जाता उरलेली रक्कमच उपलब्ध असते. वरील कोष्टकातील २० वर्षांचे उदाहरण घेतले आणि लाभांशावर दरवर्षी ३० टक्के कर गेला असे मानले, तर अंतिम मूल्य ७,०२,७०० ऐवजी सुमारे ५,५७,२०० रुपये होते. २० टक्के कर मानल्यास ते सुमारे ६,०२,२०० रुपये राहते. ज्यांचे उत्पन्न करपात्र नाही, त्यांना ही झळ बसत नाही.

पुनर्गुंतवणुकीतून घेतलेला प्रत्येक समभाग ही स्वतंत्र खरेदी असते. तिची तारीख व किंमत वेगळी असते. सूचिबद्ध समभाग बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकल्यास होणाऱ्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर, २३ जुलै २०२४ पासून, वर्षाला सव्वा लाख रुपयांवरील रकमेस १२.५ टक्के कर आहे. डिमॅट खात्यातून विक्री करताना आधी आलेले समभाग आधी विकले गेले असे धरतात. वीस वर्षांत पन्नास लहान खरेद्या झाल्या असतील, तर त्या साऱ्यांच्या नोंदी जपून ठेवाव्या लागतात.

== निर्देशांक व अभ्यास ==

सेन्सेक्स आणि निफ्टी ५० हे परिचित निर्देशांक केवळ समभागांच्या भावांवर आधारलेले आहेत. त्यांत लाभांश मोजला जात नाही. सर्व लाभांश पुन्हा त्याच निर्देशांकात गुंतवला असे मानून काढलेल्या निर्देशांकाला एकूण परतावा निर्देशांक म्हणतात. तो भावनिर्देशांकापेक्षा वरचढ असतो आणि काळ वाढतो तशी दोहोंतील दरी रुंदावते. म्युच्युअल फंडांनी आपल्या कामगिरीची तुलना एकूण परतावा निर्देशांकाशीच करावी, असे सेबीने १ फेब्रुवारी २०१८ पासून बंधनकारक केले. त्यापूर्वी फंडाच्या परताव्यात लाभांश धरला जाई, पण ज्याच्याशी तुलना होई त्या निर्देशांकात तो नसे.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ जेरेमी सीगल यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात १८७१ ते २००३ या काळातील अमेरिकी भागबाजाराचा हिशोब मांडला. महागाई वजा जाता झालेल्या एकूण संचयापैकी ९७ टक्के भाग लाभांशाच्या पुनर्गुंतवणुकीतून आला, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा आकडा वारंवार उद्धृत होतो. परंतु तो संपूर्ण बाजाराचा आणि १३२ वर्षांचा आहे. कोणत्याही एका माणसाच्या आयुष्यात किंवा एका कंपनीच्या समभागात एवढा काळ व एवढी व्याप्ती नसते.

याउलट फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर यांनी १९६१ साली असे दाखवले की, कर आणि व्यवहारखर्च नसलेल्या आदर्श बाजारात कंपनी लाभांश देते की नफा व्यवसायात ठेवते याने भागधारकाच्या संपत्तीत फरक पडत नाही. महत्त्व असते ते कंपनी भांडवलावर किती नफा मिळवते याला. या दृष्टीने पाहिल्यास, नफा उत्तम रीतीने व्यवसायात वापरणारी आणि लाभांश न देणारी कंपनी भागधारकाच्या वतीने पुनर्गुंतवणूकच करत असते.

== महाराष्ट्रातील उदाहरणे ==

=== एम्प्रेस मिल, नागपूर ===

जमशेदजी टाटा यांनी १८७४ साली सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली. तिचे मूळ भांडवल १५ लाख रुपये होते. आज गांधीसागर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुम्मा तलावाजवळ या कंपनीची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. गिरणीसाठी दलदलीची जमीन भरून घ्यावी लागली. पैसा मातीत घालणाऱ्या या उद्योगात भांडवल घालण्यास एका स्थानिक सावकाराने नकार दिला होता आणि पुढे, ती माती नसून सोने होते, अशी कबुली त्याने दिली, अशी कथा टाटांच्या चरित्रांतून सांगितली जाते.

जमशेदजींनी नफा केवळ वाटून न टाकता घसारा, राखीव निधी आणि नवी यंत्रे यांसाठी त्यातून तरतूद करण्याचे धोरण ठेवले. रिंग पद्धतीच्या चात्या भारतात सर्वप्रथम वापरणाऱ्या गिरण्यांत एम्प्रेस मिलची गणना होते. कामगारांसाठी १८८६ साली निवृत्तिवेतन निधी आणि १९०१ साली भविष्य निर्वाह निधी येथे सुरू झाला. कंपनीने स्वतःच्या पातळीवर केलेल्या पुनर्गुंतवणुकीचे हे नागपुरातील ठळक उदाहरण आहे.

तथापि, या कथेचा शेवटही तितकाच बोलका आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापड गिरण्यांना उतरती कळा लागली. १९८६ साली कंपनी समापनात निघाली. गिरणी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली कायमची बंद पडली. कंपनीच्या समापनात कामगार, बँका व इतर देणेकरी यांची देणी भागल्यावर काही उरले तरच ते समभागधारकांना मिळते. ज्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या लाभांश घेऊन तो अन्यत्र लावला असेल, त्याची ती जमा टिकली. ज्याने तो सारा याच कंपनीच्या समभागांत परत घातला असेल, त्याला समभागांची वाढलेली संख्या वाचवू शकली नसती. एकेकाळची उत्तम कंपनी शंभर वर्षे उत्तम राहीलच असे नाही, हा धडा या उदाहरणातून मिळतो.

=== मॉइल ===

काटोल मार्गावर मुख्यालय असलेली मॉइल ही मॅंगनीज धातुकाचे उत्खनन करणारी सरकारी कंपनी आहे. तिचे मूळ १८९६ साली स्थापन झालेल्या संस्थेत असून १९६२ साली तिला सध्याचे स्वरूप मिळाले. डिसेंबर २०१० मध्ये ३७५ रुपये दराने समभाग विकले जाऊन ती शेअर बाजारात सूचिबद्ध झाली. २०१७ साली कंपनीने एकास एक बोनस समभाग दिला. त्यामुळे मूळ विक्री किंमत बोनसनंतरच्या हिशोबाने १८७ रुपये ५० पैसे ठरते. २०२० साली, म्हणजे जवळपास दशकानंतरही, समभागाचा भाव या किमतीच्या खाली होता. त्या काळात मूळ गुंतवणूकदाराच्या पदरी पडलेले उत्पन्न म्हणजे मुख्यतः लाभांशच. २०२४ साली भाव ५०० रुपयांच्या पुढे गेला. मंदीच्या वर्षांत लाभांशातून समभाग घेत राहिलेल्याला या तेजीचा अधिक लाभ झाला असता. मात्र मॅंगनीजचे दर पोलाद उद्योगाच्या चढउतारांशी बांधलेले असल्याने, असे घडेलच हे २०२० साली सांगता येण्यासारखे नव्हते.

केंद्र सरकारच्या कंपन्यांच्या लाभांशाबाबत स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आहेत. २०१६ च्या तत्त्वांनुसार करोत्तर नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मूल्याच्या ५ टक्के यांपैकी जास्त असेल तेवढा किमान लाभांश अपेक्षित होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसरे प्रमाण ४ टक्के करण्यात आले. अशा कंपन्यांचा लाभांश उतारा अधिक असण्याचे हे एक कारण आहे.

=== युनिट योजना १९६४ ===

मुंबईत मुख्यालय असलेल्या युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाने १९६४ साली युनिट योजना सुरू केली आणि १९६६-६७ मध्ये तिला पुनर्गुंतवणूक योजनेची जोड दिली. भारतातील सामान्य बचतदाराला लाभांश पुनर्गुंतवणुकीची ओळख झाली ती प्रामुख्याने या योजनेतून. नोकरदार, निवृत्त मंडळी यांनी ती मुदत ठेवीइतकीच सुरक्षित मानली.

या योजनेच्या युनिटाची विक्री व पुनर्खरेदीची किंमत प्रत्यक्ष मालमत्तेच्या मूल्याशी बांधलेली नव्हती. संस्था ती ठरवत असे. १९९७-९८ साली २० टक्के लाभांश दिला गेला आणि त्याच वर्षी योजनेची गंगाजळी उणे झाल्याचे उघड झाले. जुलै २००१ मध्ये युनिटांची विक्री व पुनर्खरेदी थांबवण्यात आली. त्या वर्षाच्या अखेरीस मूल्य जाहीर झाले तेव्हा दहा रुपयांच्या युनिटामागील मालमत्ता सहा रुपयांहूनही कमी होती. सरकारने पाच हजार युनिटांपर्यंत १२ रुपये व त्यापुढील युनिटांना १० रुपये दर मिळेल अशी हमी दिली आणि २००३ साली या युनिटांचे करमुक्त रोख्यांत रूपांतर करण्यात आले.

पुनर्गुंतवणुकीच्या दृष्टीने या प्रसंगाचे महत्त्व मोठे आहे. वर्षानुवर्षे लाभांश परत गुंतवणाऱ्यांची युनिटे कागदावर वाढत होती. पण ती खऱ्या मूल्यापेक्षा चढ्या किमतीने विकत घेतली जात होती आणि लाभांशही पूर्णपणे मिळकतीतून येत नव्हता. सरकारने हात दिला म्हणून नुकसान मर्यादित राहिले.

=== सहकारी संस्थांचा लाभांश ===

महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांना लाभांश हा शब्द प्रथम परिचित होतो तो पतसंस्था, नागरी सहकारी बँक किंवा नोकरदारांच्या पतपेढीमुळे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६७ नुसार निबंधकांच्या पूर्वमंजुरीविना १५ टक्क्यांहून अधिक लाभांश देता येत नाही. शिवाय नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. सहकारी संस्थेचा भाग शेअर बाजारात विकला जात नाही आणि सभासदाला तो सामान्यतः दर्शनी मूल्यानेच परत मिळतो. त्यामुळे अशा लाभांशातून त्याच संस्थेचे भाग घेतल्यास वाढ केवळ लाभांशाच्या दराइतकीच होते. संस्थेच्या गंगाजळीत झालेली वाढ भागाच्या किमतीत उतरत नाही. कंपनीच्या समभागातील पुनर्गुंतवणूक आणि सहकारी भागातील पुनर्गुंतवणूक या दोहोंत हा मूलभूत भेद आहे.

== मर्यादा व जोखीम ==

* एकाच ठिकाणी भार साचणे : लाभांश नेहमी त्याच कंपनीत परत घातल्यास कालांतराने संपूर्ण बचतीतील तिचा वाटा अवाजवी वाढतो. हे टाळण्यासाठी काही गुंतवणूकदार सर्व कंपन्यांचा लाभांश एकत्र करून ज्या गुंतवणुकीचा वाटा कमी आहे तिथे, किंवा निर्देशांक फंडात, लावतात. ही देखील पुनर्गुंतवणूकच आहे.
* फसवा उतारा : भाव कोसळला की लाभांश उतारा आकड्यात मोठा दिसतो. संकटातील कंपनी पुढील वर्षी लाभांश कमी करू किंवा थांबवू शकते. लाभांश देणे हे कंपनीवर व्याजासारखे बंधन नसते.
* मिळकतीपेक्षा अधिक वाटप : नफ्याहून जास्त किंवा मालमत्ता विकून दिलेला लाभांश टिकत नाही. लाभांशाचे निव्वळ नफ्याशी असलेले प्रमाण वार्षिक अहवालातून तपासता येते.
* भावाकडे दुर्लक्ष : आपोआप होणारी खरेदी भाव रास्त आहे की चढा, हे पाहत नाही. शिस्त हा तिचा गुण आहे आणि विवेकाचा अभाव हा दोष.
* लहान रकमांवरील खर्च : दलाली व इतर आकार यांमुळे अगदी थोड्या रकमेची खरेदी महाग पडू शकते.
* गरजेचा टप्पा : निवृत्तीनंतर ज्यांचा घरखर्च लाभांशावर चालतो त्यांच्यासाठी लाभांश हे उत्पन्न असते. पुनर्गुंतवणूक ही प्रामुख्याने कमावत्या वयातील, दीर्घ मुदत हाताशी असलेल्यांची पद्धत आहे.

== हे सुद्धा पहा ==

* समभाग
* लाभांश
* चक्रवाढ व्याज
* म्युच्युअल फंड
* बोनस समभाग
* भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ
* एम्प्रेस मिल
* मॉइल